आयात मालासोबत येणाऱ्या किडी-रोग आणि नागपूरची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाडी-बुटीबोरीचे गोदामवाले, इतवारीतले धान्य व्यापारी, लकडगंजातले लाकूडवाले आणि काटोल-नरखेडकडचे संत्रा बागायतदार यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुम्हाला पडलेला प्रश्न तेवढाच वाचला तरी चालेल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे.

१. जैवसुरक्षा म्हणजे नेमकं काय? हा शब्द ऐकला की प्रयोगशाळा आणि विषाणूच डोळ्यांसमोर येतात.

या पानापुरता अर्थ सोपा आहे. जी कीड, रोग किंवा तण आपल्या भागात नाही, ते मालासोबत येऊ नये, आलं तर लवकर दिसावं आणि दिसलं तर तिथेच संपावं, यासाठी आधीपासून केलेली तयारी म्हणजे जैवसुरक्षा. मालात कीड असणं आणि मालातून नवी कीड मुलखात येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तुमच्या एका पोत्याचं नुकसान होतं. दुसरीत पुढची पन्नास वर्षं सगळ्या कास्तकारांचं.

२. समुद्र इथून आठशे किलोमीटर दूर. तपासणी बंदरावर होते. मग नागपूरकरांनी डोकं का घालायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर थोडं सविस्तर देतो.

बंदरावर वनस्पती क्वारंटाइनचे अधिकारी बघतात ते मुख्यतः झाडपाल्याचा माल: धान्य, डाळ, फळं, बियाणं, लाकूड. त्यातही नमुना काढून तपासतात, पोतं न् पोतं उघडून नाही. टाइल्स, मशीनचे भाग, काचसामान किंवा फर्निचर घेऊन आलेला कंटेनर कीटक शोधायचा म्हणून सहसा कोणी उघडत नाही. कित्येक कंटेनर तर न्हावा शेवाहून सीलबंदच निघतात आणि मिहान किंवा बोरखेडीच्या डेपोत येऊन टेकतात. म्हणजे परदेशातल्या कारखान्यात बंद झालेलं दार पहिल्यांदा उघडतं ते आपल्या गोदामात, हमाल बोल्ट कटरने सील तोडतो तेव्हा. आत जे काही जिवंत असेल त्याला पहिली मोकळी हवा नागपूरची मिळते.

आणि ही हवा त्याला मानवणारी आहे. पन्नास-साठ किलोमीटरच्या आत काटोल, कळमेश्वरच्या संत्राबागा आहेत, थोडं पुढे नरखेडच्या, चहूबाजूंनी कापूस, तूर, सोयाबीन. त्यात नागपूर हे देशाच्या मधोमध बसलेलं जंक्शन. इथे उतरलेला माल चारी दिशांना जातो आणि त्यातली कीडही. पूर्वी ट्रकला दोन-दोन दिवस लागायचे, आता ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने रात्रीतून माल येतो. प्रवासात कीड मरून जाईल हा भरवसाही त्यामुळे उरलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की बंदर जिथे दार उघडतं तिथे असतं. तुमच्या गोदामात दार उघडत असेल तर तुमचं गोदाम बंदर आहे, आणि शेवटची नजर तुमची.

३. आजवर खरंच काही असं बाहेरून आलंय का, की नुसती भीती घालताय?

तुमच्या धुऱ्यावरचं गाजर गवत बघा. अमेरिकेतलं हे तण १९५५ साली पुण्यात नोंदलं गेलं. आयात गव्हातून आलं असं सर्वत्र मानलं जातं. काही लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. आज ज्या गावात ते नाही असं गाव दाखवा. अंगाला खाज, दमा, जनावराच्या दुधाला कडवट चव, हे सगळं कुठल्यातरी पोत्याच्या तळाशी आलेल्या मूठभर बियांमधून उभं राहिलं.

अलीकडची यादीही लहान नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईमतूरला सापडला आणि पाठोपाठ महाराष्ट्रातल्या पपईबागा पांढऱ्या पडल्या. टोमॅटोची पानं आणि फळं पोखरणारी दक्षिण अमेरिकेतली नागअळी २०१४ साली महाराष्ट्रातच प्रथम दिसली. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत होती, मे २०१८ मध्ये कर्नाटकात आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात. यातली प्रत्येक कीड मालातूनच आली असं छातीठोकपणे सांगता येत नाही. लष्करी अळीचा पतंग दूरवर उडतोही. पण एकदा घर केल्यावर यातली एकही परत गेलेली नाही, आणि फवारणीचा खर्च कास्तकाराच्या खिशातून सुरू झाला तो सुरूच आहे.

उलट दिशेचाही एक दाखला आहे. गुलाबी बोंडअळी, जिने २०१७ साली विदर्भात कापसाची वाट लावली, ती शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नोंदवली १८४३ मध्ये, गुजरातेतल्या भडोचच्या कापसावरून. पुढे भारतातून गेलेल्या सरकीतून ती इजिप्तला पोहोचली, इजिप्तच्या सरकीतून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये अमेरिकेत. अमेरिकेला ती संपवल्याचं जाहीर करायला २०१८ उजाडलं. एका पोत्यातल्या सरकीची किंमत शंभर वर्षं.

४. कायदा कोणता आणि कागद कोणते लागतात? थोडक्यात सांगा.

मूळ कायदा १९१४ चा, विनाशकारी कीटक व कीड अधिनियम. त्याखाली २००३ चा वनस्पती क्वारंटाइन आदेश आहे आणि आज सगळं काम त्यावर चालतं. तो राबवणारं संचालनालय फरीदाबादला आहे.

झाडपाल्याच्या मालाला साधारण दोन कागद लागतात: माल निघण्याआधी आपल्या सरकारकडून घेतलेला आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाच्या सरकारी यंत्रणेने दिलेलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, ज्याला बाजारात नुसतं ‘फायटो’ म्हणतात. कुठल्या मालाला परवाना हवा, कुठल्याला फक्त फायटो चालतो आणि काय पूर्ण बंद आहे हे आदेशाच्या परिशिष्टांमध्ये देशवार, पीकवार दिलेलं आहे. ती परिशिष्टं वारंवार बदलतात. गेल्या वर्षीच्या बिलाच्या फायलीवर विसंबू नका. प्रत्येक सौद्याआधी क्लिअरिंग एजंटकडून ताजी स्थिती लेखी मागा. आणि माल नागपूरच्या डेपोत उतरवून घ्यायचा असेल तर वनस्पती क्वारंटाइनची तपासणी कुठे होणार हे ऑर्डर देण्याआधी विचारा, कंटेनर आल्यावर नाही.

५. मी चीनवरून मशीन मागवतो. धान्य नाही, फळ नाही. मला हे कसं लागू?

मशीन ज्या पेटीत येतं ती लाकडाची असते. खालचं पॅलेट लाकडाचं, कंटेनरमध्ये मशीन हलू नये म्हणून ठोकलेले ठोकळे लाकडाचे. अमेरिकेत १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आशियाई लांबशिंगी भुंगा सापडला तो अशाच पॅकिंगच्या लाकडातून आलेला. मेपलची हजारो झाडं तोडावी लागली. यानंतर जगाने २००२ मध्ये लाकडी पॅकिंगसाठी एक नियम केला, आयएसपीएम १५. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं द्यायची किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यायची, आणि मग शिक्का मारायचा. भारतही तो नियम पाळतो.

शिक्का असा ओळखा: चौकटीत गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, शेजारी देशाचा दोन अक्षरी संकेत, उपचार करणाऱ्याचा क्रमांक आणि मग एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे उष्णता, एमबी म्हणजे धुरी. पॅलेटच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर तो असायला हवा. प्लायवुड आणि पार्टिकल बोर्डला शिक्क्याची गरज नसते, कारण ते बनतानाच तापलेलं असतं. त्यावर शिक्का नाही म्हणून भांडू नका. मात्र मशीनखालचे सुटे ठोकळे नक्की बघा. पॅलेट नियमाप्रमाणे असतं आणि घाईघाईत ठोकलेला ठोकळा सालीसकट कच्चा, हे मी अनेकदा पाहिलंय.

६. पॅलेटवर शिक्का आहे, तरी खाली भुसा पडतोय. काय समजायचं?

हिंगण्याकडच्या एका गोदामात मशीनची पेटी उघडली तेव्हा फरशीवर चिमूटभर पिवळसर पीठ दिसलं, मैद्याच्या चाळणीतून गाळल्यासारखं. करवतीचा भुसा असेल असं सगळे म्हणाले. पीठ झाडून घेतलं, पेटीखाली काळा कागद अंथरला आणि शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर पुन्हा तेवढंच पीठ होतं, एका रेषेत, आणि त्या रेषेच्या बरोबर वर लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी चार छिद्रं. करवतीचा भुसा रात्रीतून नव्याने पडत नाही. आत जिवंत कीड होती.

शिक्का असूनही असं होऊ शकतं, कारण उपचार शिक्का मारला त्या दिवसापुरता असतो. आधी असलेली कीड मरते, पण सुकलेल्या लाकडात शिरणारे घुणे नंतरही लागतात. शिक्का खोटा असण्याचीही शक्यता असते. म्हणून काळ्या कागदाची परीक्षा करा. पीठ वाढलं तर पेटी जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कडा टेपने बंद करा, शिक्क्याचा आणि छिद्रांचा फोटो काढा (शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो) आणि प्रश्न १६ मध्ये सांगितल्याप्रमाणे कळवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. असं लाकूड भंगारात विकू नका. आपल्याकडे पॅलेटचं लाकूड वाया जात नाही. त्याच्या फळ्या होतात, खाटा होतात, दुकानाच्या मांडण्या होतात. शहराच्या दहा कोपऱ्यांत ते पोचल्यावर शोधणार कुठे?

७. कंटेनर उघडताना बघायचं काय? हमालांना किती सांगणार?

दार उघडण्याआधी कंटेनरभोवती एक फेरी मारा. खालच्या लोखंडी तुळयांवर, कोपऱ्यांच्या खाचांत माती, गोगलगायी, अंड्यांचे पुंजके, कोळ्याची जाळी आहे का? आफ्रिकी गोगलगाय कंटेनरच्या पोटाला चिकटून महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. ती आपल्या देशात १८४७ च्या सुमारास मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली, तीही एका हौशी माणसाने हौसेपोटी.

मग एकच दार हातभर उघडा आणि टॉर्च मारून मिनिटभर थांबा. दाराच्या रबरी पट्टीच्या घड्या, फरशीच्या फळ्यांमधल्या फटी आणि छताजवळचा कोपरा या तीन जागांवर नजर टाका. उडणारं काही दिसलं तर दार लगेच लावून घ्या; उघडं टाकून माणसं बोलवायला धावू नका.

माल उतरल्यावर कंटेनर झाडून घ्या आणि तो कचरा बाहेर मातीत न लोटता जाड पिशवीत बांधा. कंटेनरने मागच्या फेरीत काय वाहिलं हे तुम्हाला माहीत नसतं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात आयात केलेल्या फ्रिजच्या पॅकिंगमध्ये खपरा भुंगा निघाला. धान्यातली कीड, आणि निघाली फ्रिजच्या खोक्यात.

हमालांचं म्हणाल तर सगळ्यात आधी कीड त्यांनाच दिसते. त्यांना दम देऊन काही होत नाही. एका गोदामवाल्याने दाराशी झाकणाची बरणी टांगली आहे आणि वेगळं काही आणून दाखवलं की चहा-पोहे त्याच्याकडून. त्याच्याइतके नमुने मला कोणी पाठवत नाही.

८. माझं गोदाम लहान आहे. मोठ्या कंपनीसारखी योजना कशी करणार?

योजना म्हणजे जाड फाइल असायला हवी असं कुठे आहे? एका कागदावर मावते. दारालगतची एक जागा फक्त नव्या मालासाठी ठेवा, पिवळी रेघ मारा, आणि बघून झाल्याशिवाय माल रेघेच्या आत जाऊ देऊ नका. भिंतीपासून हातभर अंतर सोडून थप्पी लावा, म्हणजे मागे टॉर्च मारता येतो. कंटेनर क्रमांक, देश, आल्याची तारीख, कोणी बघितलं आणि काय दिसलं एवढं एका वहीत लिहा. सहा महिन्यांनी कुठे काही निघालं तर कीड कुठल्या खेपेतून आली हे ती वहीच सांगते. आणि फोन कोणाला करायचा ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मालक गावाला गेला की अडतं ते इथेच.

९. आयात तूर आणि वाटाण्यात किडे निघाले. सगळे किडे धोक्याचे असतात का?

नाही. सोंडे, तांबडे भुंगेरे, डाळीचे भुंगे आपल्याकडे पूर्वापार आहेत. ते मालाचं नुकसान करतात, पण मुलखाला नवे नाहीत. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, कॅनडा इथून येणाऱ्या कडधान्यात असे नेहमीचे किडेही निघतात. प्रश्न पडतो तो ओळखीचा नसलेला किडा दिसला तर, आणि तो डोळ्यांनी ठरवायच्या भानगडीत पडू नका.

माझ्या मते धान्यात किड्यापेक्षा जास्त लक्ष चाळणीच्या कचऱ्याकडे हवं. २००६-०७ मध्ये आयात गव्हात परदेशी तणांचं बी सापडलं होतं आणि त्यानंतर जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशात त्यावर नजर ठेवायचं काम हाती घेतलं गेलं. दालमिलमधली चाळ आपण काय करतो? कोंबड्यांना घालतो, गुरांना घालतो किंवा उकिरड्यावर टाकतो. तिथून शेणखत होऊन ती वावरात जाते. आयात मालाची चाळ वेगळी ठेवा, बारीक दळा किंवा भट्टीत जाळा. गाजर गवताचा अनुभव (प्रश्न ३) एकदा पुरे.

१०. गोळ्या टाकल्या की झालं ना?

अजिबात नाही. तुम्ही ज्या गोळ्या म्हणताय त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो. माणूस मारायला तो पुरेसा आहे आणि त्यावर उतारा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. धुरी परवानाधारकाकडूनच करून घ्या. अर्धवट डोस दिला की किडी मरत नाहीत, उलट वायूला दाद न देणाऱ्या होतात. आणि नवी कीड असल्याची शंका असेल तर धुरीआधी नमुना काढा. नंतर मेलेल्या तुकड्यांवरून ओळख पटवणं कठीण जातं.

११. कळमन्याच्या बाजारात परदेशी संत्री, माल्टा येतात. त्यांच्यामुळे आपल्या संत्र्याला धोका आहे का?

आहे, पण लोकांना वाटतं त्या जागी नाही. चांगलं, स्वच्छ, देठ-पान नसलेलं फळ खाऊन कोणाच्या बागेत रोग येत नाही. भीती आहे भूमध्य फळमाशीची, जी भारतात नाही. ती फळात अंडी घालते, अळी आतला गर खाते आणि मग मातीत उतरून कोष करते. म्हणूनच अशा देशांतल्या फळाला शून्याच्या किंचित वर तापमानात दोन आठवडे किंवा जास्त थंडावा देऊन अळ्या मारण्याची अट असते.

आपल्याकडे फळमाशी मुळीच नाही असं नाही, देशी जाती भरपूर आहेत. म्हणून फळात अळी दिसली की हाकाटी करू नका. पण परदेशी फळात जिवंत अळी दिसली तर ते फळ बरणीत घालून कळवा. देशी अळी आणि ती अळी साध्या डोळ्यांना सारखीच दिसते. आणि आयात फळांचा सडका माल ट्रॉली भरून काटोल रोडकडे नेऊन टाकू नका. खड्ड्यात पुरा, वर हातभर माती लोटा. पानं-फांद्यांसकट आलेलं लिंबूवर्गीय फळ दिसलं तर घेऊच नका. फळापेक्षा पानावरची कीड जास्त लांब जाते.

१२. भाऊ, परदेशात बिनबियांच्या संत्र्याची भारी जात आहे. ओळखीचा माणूस चार काड्या सुटकेसमध्ये आणतो म्हणतोय. चार काड्यांनी काय होतं?

चार काड्यांतून चारशे कलमं होतात आणि चारशेतून पुढे चार हजार. काडीवरचा डोळा, म्हणजे अंकुर, कलमाला बांधला की काडीतला रोगही बांधला जातो. कलमात तो वर्ष-दोन वर्षं दिसत नाही. पन्हेरी, म्हणजे कलमांची रोपं, हिरवीगार दिसते, विकली जाते, शेंदूरजना घाट या पन्हेरीच्या गावाहून गाडी भरून कुठल्या कुठे जाते. झाड फळावर येईपर्यंत रोग तालुकाभर झालेला असतो.

लिंबूवर्गीय पिकांचा ग्रीनिंग रोग घ्या. जिवाणूचा रोग, सायला कीड तो पसरवते आणि रोगट डोळ्यातूनही जातो. लागलेल्या झाडावर इलाज नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडात सायला १९९८ मध्ये दिसली, रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तिथे २४ कोटी पेट्या संत्री झाली होती. २०२२-२३ मध्ये दीड-पावणेदोन कोटी. यात वादळांचाही हात आहे, पण बागायतदारांची कंबर मोडली ती ग्रीनिंगने. तो रोग आपल्याकडे आधीपासून आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे आहेच, मग काय’ असं काही जण म्हणतात. पण जे आपल्याकडे नाहीत असे रोगही परदेशी काडीत असू शकतात. कोळशी, डिंक्या, सायला यांनी आपली बाग आधीच जेरीला आली आहे, तिच्या पानात आणखी एक वाढायचा का?

रीतसर मार्ग आहे. लागवडीच्या साहित्याला आयात परवाना मिळतो, फायटो लागतं आणि इथे आल्यावर ठरावीक काळ वेगळ्या जागी, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली रोपं वाढवावी लागतात. वेळ लागतो, पण तो वेळ रोगाला उघडं पडायला दिलेला असतो. आणि नवी जात हवीच असेल तर आधी अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेत जाऊन या. तिथे शेंड्याच्या कलम पद्धतीने रोगमुक्त कलमं तयार करतात. आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या मातीतल्या झाडाला. सुटकेसमधल्या काडीसाठी ते पणाला लावू नका.

१३. मुलगी अमेरिकेत असते. ती येताना फुलांचं बी आणते, आम्ही जाताना तांदूळ-डाळ नेतो. यात चूक काय?

येताना: बी, कंद, रोपं, माती काहीही असो, विमानतळावर जाहीर करा. मातीसकट कुंडी आणूच नका. माती आयात करायला बंदी आहे, संशोधनासाठीच परवान्याने मिळते. चमचाभर मातीत सूत्रकृमी आणि बुरशी किती असतात याचा आपल्याला अंदाजच नसतो.

जाताना: तांदूळ घरीच ठेवा. खपरा भुंगा मूळचा आपल्याकडचा आहे आणि त्याच्या भीतीने अमेरिका प्रवाशाच्या बॅगेतला भारतीय तांदूळ घेत नाही. खपऱ्याची केसाळ अळी फटीत बसून वर्षानुवर्षं अन्नाशिवाय तग धरते. बॅगेतून तांदूळ काढून घेतले की ताईंना राग येतो, मी समजू शकतो. पण त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

१४. न मागवलेलं बियाण्याचं पाकीट टपालाने आलं. पेरून बघू का?

पेरू नका, उघडू नका, कचऱ्यात टाकू नका. २०२० मध्ये अनेक देशांत लोकांना अशी पाकिटं आली आणि आपल्या कृषी मंत्रालयानेही त्या वर्षी सावध केलं होतं. पाकीट दुसऱ्या पिशवीत बंद करून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या. ऑनलाइन मागवलेलं परदेशी बियाणंही प्रश्न ४ मधल्या कागदांशिवाय आलं असेल तर ते बेकायदाच. विकणाऱ्याने ‘सगळं क्लिअर आहे’ म्हटलं तरी.

१५. कापसाच्या परदेशी गाठी आणि जुने टायर यांचं काय? ही तर मेलेली वस्तू आहे.

गाठीत सरकीचे तुकडे राहतात आणि त्यात अमेरिकन बोंड भुंगा लपू शकतो. हा भुंगा भारतात नाही. १८९२ च्या सुमारास तो मेक्सिकोतून टेक्ससमध्ये शिरला आणि अमेरिकेच्या कापूसपट्ट्याला त्याने पिढ्यान्‌पिढ्या पिळलं. म्हणून त्या गाठींना धुरीची अट आहे. धुरीचा दाखला गाठीसोबत आला का हे गिरणीवाल्यांनी स्वतः बघावं आणि गाठी फुटलेल्या असतील तर गळालेला कचरा जाळावा. शंका आली तर केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे, दूर जायची गरज नाही.

टायरचा धोका पिकाला नाही, माणसाला आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची एक जात १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला पोहोचली ती आशियातून गेलेल्या जुन्या टायरांतून असं मानलं जातं. त्याची अंडी कोरडी पडली तरी पाण्याची वाट बघत टिकतात. भंगारवाल्यांनी टायर छपराखाली ठेवावेत. पावसात उघडे ठेवू नयेत.

१६. संशयास्पद कीड सापडली. कळवलं तर माल अडकेल अशी भीती वाटते. खरं सांगा.

खरं सांगतो: माल काही दिवस अडकू शकतो. धुरी द्यावी लागेल, कधी परत पाठवावा किंवा नष्ट करावा लागेल आणि खर्च तुमचा. हे लपवण्यात अर्थ नाही. याच भीतीने लोक झाडू मारून नाल्यात ढकलतात, आणि तिथूनच ती कीड मोकळी होते.

पण कीड एका गोदामात असताना दहा-वीस हजारांत काम होतं. ती बागेत गेल्यावर तो खर्च दरवर्षी, सगळ्यांना, आणि तुम्ही धान्य किंवा फळाच्या व्यापारात असाल तर तुम्हालाही. ज्याने आपणहून कळवलं त्याच्या वहीतली नोंद (प्रश्न ८) त्याच्या बाजूने बोलते. नंतर दुसऱ्याकडून उघड झालं की तेवढंही हातात राहत नाही.

करायचं काय? माल हलवू नका. दार बंद, पंखा बंद. दोन-चार किडे झाकणाच्या बरणीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग मेडिकलमधल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवा. अळी, प्रौढ, छिद्र पडलेला तुकडा, जे मिळेल ते सगळं ठेवा. चिठ्ठीवर तारीख, कंटेनर क्रमांक आणि देश पेन्सिलने लिहा; शाई स्पिरिटमध्ये विरघळते. मग तालुका कृषी अधिकारी किंवा नागपूरचं केंद्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र. लिंबूवर्गीयांसाठी आणि कापसासाठी वर सांगितलेल्या संस्था. शेतकऱ्यांसाठी किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलता येतं. जिवंत किडा बसमधून घेऊन जाऊ नका, हे सांगावं लागतं कारण असं एकदा घडलंय.

१७. माल परदेशातून नाही, दुसऱ्या राज्यातून आला. तरी हे लागू?

कागद वेगळे, काळजी तीच. काही रोगांसाठी देशांतर्गत बंधनंही आहेत; उदाहरणार्थ बटाट्याचा चामखीळ रोग दार्जिलिंग भागापुरता रोखून धरला गेला आहे आणि तिथलं बेणं बाहेर न्यायला बंदी आहे. नागपूरकरांसाठी जास्त जवळचं म्हणजे कलमांची आणि बेण्याची वाहतूक. पावती नसलेली स्वस्त पन्हेरी घेताना प्रश्न १२ मधलं सगळं तसंच लागू होतं.

१८. कीड मारायला परदेशातून दुसरा कीटकच आणतात म्हणे. हा धोका नाही का?

विचारपूर्वक केलं नाही तर धोकाच आहे, म्हणून ते काम कोणी सुटकेसमधून करत नाही. पपईच्या पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी परवानगी घेऊन प्यूर्टो रिकोहून तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशी परोपजीवी गांधीलमाशी आणली. बंदिस्त जागेत ती आधी तपासली, दुसऱ्या कशाला हात लावत नाही याची खात्री केली आणि मग सोडली. पपईबागा सावरल्या. गाजर गवतावरचा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये असाच बंगळुरूला सोडला गेला. तो पावसाळ्यात नागपूरच्या रस्त्याकडेलाही दिसतो: पिवळसर पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा, आणि चाळणी झालेली गाजर गवताची पानं. तो दिसला तर बरणीत घालू नका, त्याला त्याचं काम करू द्या.